उतरली का?

आमच्या आजीनं आयुष्यात एकही कोलांटउडी उघड्या डोळ्यांनी पाहिली नाही. तरीही जिम्नॅस्टिक्स कसं बघायचं ते मी तिच्याकडूनच शिकले. तिला मात्र याचा पत्ताच नव्हता.

परभणीतल्या आमच्या जुन्या घरात तेव्हा शटरवाला ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. माळवदावर अँटेना, अँटेनावर कावळा, आणि कावळा उडाला की पडद्यावर मुंग्या. साल १९८८, मी आठवीत. १७ सप्टेंबरला शाळेत मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या चाळीस वर्षांवर भाषणं झाली. मीही एक पाठ केलेलं ठोकून आले. त्याच दिवशी तिकडे सोलमध्ये ऑलिंपिक सुरू झालं. पुढचे पंधरा दिवस घरातले पुरुष हॉकीच्या आशेनं टीव्हीपुढे बसायचे आणि मुलींचं जिम्नॅस्टिक्स लागलं की पान खायला उठायचे. मग उरायच्या बायकाच. आई, काकू, मी आणि सुपात ज्वारी निवडत बसलेली आजी.

पडद्यावरची पोरगी कोपऱ्यातून पळत सुटली की आजी सूप खाली ठेवायची. "अगं माय, पडंल की ते लेकरू!" असं म्हणत पदर डोळ्यांवर. मग धप्प असा आवाज. मग पदराआडून प्रश्न.

"उतरली का?"

"उतरली."

"दोन्ही पायांवर?"

"दोन्ही."

तेव्हा कुठे पदर खाली यायचा. तोवर उडी संपलेली. आजीच्या वाट्याला यायचं ते दोन उड्यांच्या मधलं. वळलेली मान, हवेत थांबलेलं मनगट, चवड्यावरची गिरकी, जमिनीवर बसून पुन्हा उठणं. आणि त्यात तिला गोष्ट दिसायची. "आता रुसली बघ ही." "आता कुणीतरी मागून हाक मारली तिला." "आता म्हणती, जा, नाही येत मी." आम्ही हसायचो. पण हळूहळू मीही तेच बघायला लागले, कारण आजी म्हणायची तसं खरंच दिसायचं.

ज्यांनी हा प्रकार कधी मन लावून पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. फ्लोअर म्हणजे बारा मीटर लांब, बारा मीटर रुंद अशी चौकोनी गादी. आमच्या वाड्याचं अंगण त्यात दोनदा मावलं असतं. फार तर ९० सेकंद मिळतात. तेवढ्यात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरप्या रेषेत कोलांट्या मारायच्या, आणि उरलेल्या वेळात नाचायचं. संगीत फक्त बायकांच्या फ्लोअरला असतं, पुरुष मुकाट्यानं उड्या मारतात. संगीतात गाण्याचे शब्द चालत नाहीत. आणि फार पूर्वी कॅसेटही नसायची. भजनात पेटीवाला बसावा तसा पियानोवाला तिथेच बसून वाजवायचा. हे मला खूप उशिरा कळलं आणि फार आवडलं. म्हणजे त्या मुलीचा पाय जरा रेंगाळला तर त्यानं बोट जरा रेंगाळवलं असेल का? जुन्या फिल्म्स बघताना मी आता कान तिकडेच लावते.

सोलला आजीची आवडती होती सोव्हिएत संघाची स्वेतलाना बोगिन्स्काया. नाव घेणं तिला शक्यच नव्हतं, म्हणून "ती लांबडी". वय पंधरा, पण हातपाय असे लांबसडक की बाकीच्या पोरी तिच्यापुढे चिमण्या वाटायच्या. ती हात वर न्यायची तो खांद्यातून निघून कोपरात, कोपरातून मनगटात, मनगटातून बोटांत असा पोचायचा. बोटं शेवटी. जणू हाताला कुठे जायचंय ते बोटांना सगळ्यात उशिरा कळतंय. फ्लोअरचं सुवर्ण मात्र रोमानियाच्या डॅनिएला सिलिवाशनं नेलं आणि बोगिन्स्कायाला रौप्य मिळालं. सिलिवाशही काही कमी नव्हती. चारही प्रकारांचे गुण मिळून ठरणाऱ्या सर्वांगीण स्पर्धेत सोव्हिएत येलेना शुशुनोवाकडून अवघ्या ०.०२५ गुणानं हरलेली पोर ती. पण आजीला कोण समजावणार? "लांबडीला दुसरा नंबर? कोण मेलं मोजायला बसलंय?" ज्वारीतला खडा तिनं असा भिरकावला की तो थेट त्या परीक्षकालाच लागावा.

आजीला या गोष्टी कळायच्या त्याचं कारण मला पंचमीला सापडलं. आमच्याकडे नागपंचमीला लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, आणि संध्याकाळी अंगणात फेर धरतात. आजी तेव्हा साठीच्या पुढे. फुगडी जोरात तर काकूही घालायची. पण फेरातून बाहेर पडून फुगडीत शिरण्याची आजीची जी तऱ्हा होती ती कुणालाच जमली नाही. फेराचं पाऊल चालू असतानाच ती पदर कमरेला खोचायची, काकणं कोपराकडे सरकवायची, समोरचीकडे एकदा बघायची, आणि हात हातात गेला हे कळायच्या आत दोघी गरगर फिरत असायच्या. कुठेही थांबणं नाही. "चला, आता फुगडी घालू" असं म्हणायची वेळच यायची नाही. पाऊल फेरातून निघायचं आणि फुगडीत पडायचं. मधला सांधा दिसायचा नाही.

आजच्या फ्लोअरमध्ये मला तो सांधा दिसतो. कोपऱ्यात दिसतो. पोरगी नाचत नाचत, खरं तर हात हलवत, कोपऱ्यात येते. टाचा पांढऱ्या रेषेला लावते. थांबते. हात वर, छाती भरून श्वास, नजर समोरच्या कोपऱ्यावर. संगीत आपलं बिचारं चालूच असतं, तिचा त्याच्याशी काही संबंध राहिलेला नसतो. स्टँडवर चहा पिणाऱ्या ड्रायव्हरला मागे गाणं वाजतंय याचं जेवढं, तेवढंच. मग ती धावते, आणि जे करते ते बघून आ वासतो, यात वादच नाही.

ती का थांबते तेही कळतं. २००६ साली गुण देण्याची पद्धतच बदलली. १९७६ च्या ऑलिंपिकमध्ये रोमानियाच्या चौदा वर्षांच्या नादिया कोमानेचीला दहापैकी दहा मिळाले, तर मॉन्ट्रियलच्या फलकाला ते दाखवताच आले नाहीत, त्यानं १.०० दाखवलं. तो दहा गेला. आता अवघडपणाचे गुण वेगळे आणि सफाईचे वेगळे. सफाईचे दहापासून कापत जातात, अवघडपणाला वर मर्यादा नाही. हात बोटांपर्यंत पोचला की नाही याचा एखादा दशांश कापला जाईल न जाईल, पण हवेत एक जास्तीचा पीळ, म्हणजे अंगाची गिरकी, घातला की गुण लगेच वाढतात. मग ९० सेकंदांतला एकेक श्वास कोणत्या खात्यात जमा करायचा, हा साधा हिशेब झाला. सोयाबीनला भाव मिळाला तेव्हा आमच्या भागातलं ज्वारीचं शिवार असंच आकसलं. त्यात शेतकऱ्याची काय चूक?

अमेरिकेच्या सिमोन बाइल्सनं २०१९ मध्ये फ्लोअरवर हवेत दोन कोलांट्या आणि त्यातच तीन पीळ असा प्रकार करून दाखवला. तो तिच्या नावावर आहे. मी तो हळू गतीनं पाहिला, मग आणखी हळू, आणि तरी पीळ मोजताना दोनदा चुकले. एवढं करायला जाणारं माणूस कोपऱ्यात थांबून श्वास घेणारच. आजी असती तर तिनं पदर दोन हातांनी धरला असता.

आणि जुनं ते सगळं सोनंच होतं असं म्हणायलाही जीभ रेटत नाही. आमच्या वह्यांना रशियन मासिकांच्या गुळगुळीत कागदाची कव्हरं असायची. त्यातल्या एकावर, बहुधा भूगोलाच्या, कमानीसारखी वाकलेली एक जिम्नॅस्ट होती. तिचं नाव कापलं गेलं होतं. पुढे येलेना मुखिनाबद्दल वाचलं तेव्हा उगीचच वाटलं, हीच नसेल ना ती? मुखिना १९७८ची जगज्जेती. पाय मोडला, नीट बरा होण्याआधीच तिला सरावाला उतरवलं, आणि १९८० च्या जुलैत, मॉस्को ऑलिंपिकच्या तोंडावर, फ्लोअरवरचीच एक धोक्याची उडी करताना ती मानेवर पडली. वय वीस. उरलेलं सगळं आयुष्य अंथरुणात गेलं, २००६ मध्ये ती वारली. बायकांसाठी ती उडी पुढे बंद केली म्हणे. आम्ही ज्याला नजाकत म्हणून टाळ्या वाजवत होतो त्याच्या मागच्या खोलीत हेही चालू होतं. आजीच्या पदराला तेव्हा आम्ही हसायचो. तिच्या "पडंल की" मध्ये मला आता हसण्यासारखं काही सापडत नाही.

त्या जुन्यांतली एक मात्र मला राहून राहून आठवते. वेरा चास्लावस्का, चेकोस्लोव्हाकियाची. मी जन्मले नव्हते तेव्हाची गोष्ट. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे तिच्या देशात घुसले. तिनं स्वातंत्र्याच्या बाजूच्या जाहीरनाम्यावर सही केलेली, त्यामुळे ती डोंगरात जाऊन लपली. ऑलिंपिकला दोन महिनेही नव्हते. तिथे ना बार, ना गादी. झाडाच्या फांदीला लोंबकळून आणि बटाट्याची पोती उचलून तिनं सराव चालू ठेवला. मग मेक्सिकोला गेली आणि फ्लोअरसाठी संगीत घेतलं ते मेक्सिकोच्याच लोकनृत्याचं, तिथल्या पोराबाळांना येणारं. अख्खं प्रेक्षागृह तिचं झालं. सुवर्ण मिळालं, पण सोव्हिएत लॅरिसा पेट्रिकबरोबर वाटून. सोव्हिएत राष्ट्रगीत लागलं तेव्हा वेरानं मान खाली घालून तोंड फिरवलं, बस, एवढंच. पुढे कित्येक वर्षं घरच्या सरकारनं तिला त्याची किंमत मोजायला लावली.

आजीला ही गोष्ट सांगायची राहून गेली. तिला ती सगळ्यांपेक्षा जास्त कळली असती. १९४८ मध्ये निजामाच्या बाजूच्या रझाकारांच्या भीतीनं ती माझ्या वडिलांना काखोटीला मारून उभ्या ज्वारीत दोन रात्री बसून राहिली होती. बटाट्याची पोती वगैरे तिनं काही विचारलं नसतं. "मान अशी फिरवली का अशी?" हे मात्र नक्की विचारलं असतं, आणि दोन्ही करून दाखवलं असतं.

हल्ली माझी भाची छत्रपती संभाजीनगरला जिम्नॅस्टिक्स शिकते. म्हणजे भावाची मुलगी, आमच्याकडे तिलाही भाचीच म्हणतात. वय अकरा. २०१६ ला त्रिपुराची दीपा कर्माकर रिओ ऑलिंपिकमध्ये व्हॉल्टवर, म्हणजे धावत येऊन टेबलावर हात टेकून मारायच्या उडीत, चौथी आली, तेव्हा ही रांगत्या वयाची होती, पण आता दीपाच्या उडीचं मिनिटागणिक वर्णन करते. पॅरिसला २०२४ मध्ये फ्लोअरची अंतिम फेरी आम्ही दोघींनी फोनवर पाहिली. बाइल्सचं पाऊल रेषेबाहेर गेलं आणि ब्राझीलच्या रेबेका अँड्रादेनं सुवर्ण नेलं, १४.१६६ विरुद्ध १४.१३३. मी म्हटलं, "बघ, अँड्रादे कोपऱ्यात आली तरी नाच तुटला नाही तिचा." भाची म्हणाली, "आत्या, पाऊल बाहेर गेलं म्हणून हरली ती. नाचाचं काय?" हिशेब तिचा बरोबर होता.

मागच्या महिन्यात तिचा सराव बघायला गेले. पत्र्याचा उंच हॉल, खडूच्या पावडरीचा वास, भिंतीला टेकून बसलेल्या आया, त्यातल्या एकीच्या मांडीवर वाटाणे सोलायला घेतलेले. भाचीची पाळी आली. कुणाच्या तरी मोबाइलवर संगीत लागलं. तिनं एक गिरकी घेतली, एक हात वर नेला, तो कोपरापर्यंत पोचला आणि तिथेच विसरला. मग ती कोपऱ्याकडे निघाली. रेषेला टाचा लावल्या. थांबली. छाती वर आली.

मला माझ्या ओढणीचं सूत नाकाला लागलं तेव्हा कळलं की मी डोळे झाकलेत. धप्प झालं.

"उतरली हो, उघडा," शेजारची वाटाणेवाली म्हणाली.

भाची धापा टाकत पळत आली. "आत्या, पाहिलीस?"

"पाहिली की. कोपऱ्यात येताना डावा चवडा आत वळत होता तुझा, आणि तो हात…"

"अगं उडी! उडी पाहिलीस का?"