एका पानाचा संदर्भ

वैद्यकीय नियतकालिकांत छापल्या जाणाऱ्या लेखांच्या संदर्भसूच्या तपासून देणे हे माझे काम आहे. लेखकाने पाठवलेली सूची त्या त्या नियतकालिकाच्या शैलीत बसवायची, प्रत्येक नोंद पबमेड किंवा क्रॉसरेफ या लेखांच्या ऑनलाइन नोंदसंग्रहांशी ताडून पाहायची, डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक, योग्य लेखावरच नेतो ना हे पाहायचे आणि मजकुरातले क्रमांक सूचीशी जुळवायचे, असा आम्हा पुण्यातल्या कॉपी-एडिटरांचा दिनक्रम असतो. बाहेरच्या माणसाला हे काम स्वल्पविराम आणि अर्धविरामांचे वाटते, आणि दिवसाचा बराचसा वेळ ते तसे असतेही. परंतु प्रत्येक घटकाची जागा ठरलेली असल्यामुळेच एखादी जागा रिकामी राहिली की ती नजरेतून सुटत नाही.

त्या दिवशी माझ्याकडे कर्करोगाच्या वेदनांवर मॉर्फिनचा वापर या विषयावरचा एक आढावा-लेख होता. लेखक भारतातल्याच एका वैद्यकीय महाविद्यालयात उपशामक उपचारांचे, म्हणजे रुग्णाच्या वेदना आणि त्रास कमी करण्याचे काम करणारे डॉक्टर होते आणि लेखामागची त्यांची तळमळ जागोजागी जाणवत होती. अमली पदार्थांवर नियंत्रण ठेवणारा एनडीपीएस कायदा 1985 साली आला आणि त्यातल्या परवान्यांच्या जाचक अटींमुळे मॉर्फिन रुग्णालयांपर्यंत पोहोचेनासे झाले. 2014 च्या दुरुस्तीने ती वाट काहीशी मोकळी झाली, तरीही व्यसन लागेल या भीतीने अनेक डॉक्टर हे औषध लिहून देण्यास कचरतात, असे त्यांचे म्हणणे होते. ते मला पटत होते. कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यात वेदनेने तळमळणारे माणूस ज्याने घरात पाहिले आहे, त्याला ते पटेलच.

लेखाच्या प्रस्तावनेत एक वाक्य होते : मोठ्या अभ्यासात असे दिसून आले आहे की, दीर्घकाळ ओपिऑइड (मॉर्फिनच्या वर्गातली) औषधे घेणाऱ्या रुग्णांत व्यसनाधीनतेचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी असते. त्यापुढे संदर्भ क्रमांक होता आणि सूचीत त्याची नोंद होती ती पोर्टर आणि जिक यांच्या लेखनाची, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन, 1980, खंड 302, पृष्ठ 123. व्हँकूव्हर पद्धतीत, म्हणजे वैद्यकीय नियतकालिकांत रूढ असलेल्या संदर्भ देण्याच्या पद्धतीत, नियतकालिकाचे संक्षिप्त नाव, वर्ष, अर्धविराम, खंड, कंसात अंक, अपूर्णविराम आणि मग पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंतचा विस्तार, असा क्रम असतो. इथे अंक नव्हता आणि शेवटचे पानही नव्हते. अंक लगेच सापडला; तो 10 जानेवारीचा, दुसरा अंक होता. शेवटचे पान मात्र पबमेडवरही नव्हते, कारण हे लेखन एका पानाच्या पलीकडे गेलेलेच नव्हते, आणि त्याचा प्रकार ‘लेटर’ असा नोंदवलेला होता.

संपादकांना लिहिलेल्या पत्राचा संदर्भ देताना शीर्षकानंतर चौकटी कंसात ‘लेटर’ असे लिहावे, असा व्हँकूव्हर पद्धतीचा संकेत आहे. तो शब्द घालण्याआधी मी मूळ पत्र उघडले. एकच परिच्छेद, पाच वाक्ये. रुग्णालयात दाखल झालेल्या 39,946 रुग्णांच्या नोंदी तपासल्या असता त्यांपैकी 11,882 जणांना किमान एकदा गुंगीकारक (ओपिऑइड वर्गातले) औषध मिळाले होते आणि पूर्वी व्यसनाचा इतिहास नसलेल्या रुग्णांत व्यसनाधीनतेची बऱ्यापैकी पुरावा असलेली केवळ चार उदाहरणे आढळली, असे त्यात सांगितले आहे. औषध किती मात्रेत आणि किती दिवस दिले, घरी गेल्यावर त्या रुग्णांचे काय झाले, यांपैकी काहीही त्यात नाही. हे सगळे रुग्ण रुग्णालयातले होते, वर्षानुवर्षे घरी गोळ्या घेणारे नव्हते. पत्रलेखकांनी आपल्याजवळच्या नोंदींविषयी जे सांगायचे तेवढेच सांगितले होते. ‘दीर्घकाळ’ आणि ‘मोठा अभ्यास’ हे दोन्ही दावे नंतरच्यांनी त्यांच्या नावावर चढवले.

पत्राच्या माथ्यावर नियतकालिकाने 2017 साली जोडलेली एक टीपही होती. व्यसनाधीनता विरळ असल्याचा पुरावा म्हणून हे पत्र मोठ्या प्रमाणावर आणि न तपासता उद्धृत केले गेले आहे, हे सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने वाचकांनी ध्यानात घ्यावे, असे ती सांगते. टीप ज्या विश्लेषणामुळे घातली गेली ते कॅनडातल्या संशोधकांचे, त्याच नियतकालिकात त्याच वर्षी छापलेले आहे. त्यांना या पत्राचा उल्लेख 608 ठिकाणी आढळला. त्यांपैकी 439 लेखांत ते व्यसन विरळ असल्याचा पुरावा म्हणून वापरलेले होते आणि 491 लेखांनी हे रुग्ण रुग्णालयातले होते, ही गोष्टच सांगितली नव्हती. 1990 च्या दशकाच्या मध्यात ऑक्सिकॉन्टिन हे ओपिऑइड वेदनाशामक बाजारात आल्यावर हे उल्लेख झपाट्याने वाढले, आणि उत्तर अमेरिकेत ओपिऑइडांच्या व्यसनामुळे ओढवलेल्या संकटाला या उल्लेखांचाही हातभार लागला असावा, असे त्या संशोधकांचे मत आहे. इतक्या साऱ्या लेखांच्या संदर्भसूच्या माझ्यासारख्याच कोणाच्या तरी हाताखालून गेल्या असतील, हा विचार मला अस्वस्थ करून गेला.

आमच्या कामाची मर्यादा स्पष्ट आहे : शैली सुधारायची, आशयाला हात लावायचा नाही. शंका असल्यास लेखकासाठी क्वेरी, म्हणजे लेखी विचारणा, लिहायची. आमच्या विभागप्रमुख मॅडमना मी पत्र आणि टीप दोन्ही दाखवली तेव्हा त्यांनी प्रथम हा प्रश्न छापण्याआधी लेख तपासणाऱ्या तज्ज्ञ समीक्षकांनी विचारायला हवा होता, असे म्हटले आणि मग क्वेरी पाठवायला सांगितले. मी ती शक्य तितक्या आदराने लिहिली. हा संदर्भ पत्र असल्यामुळे तसे नमूद करीत आहोत, पत्रातील रुग्ण रुग्णालयात दाखल असलेले होते आणि औषधाच्या कालावधीविषयी त्यात माहिती नाही, नियतकालिकाने 2017 साली जोडलेली टीप कृपया पाहावी आणि वाक्य असेच ठेवायचे की कसे ते कळवावे, एवढाच तिचा आशय होता.

डॉक्टरांचे उत्तर अपेक्षेपेक्षा लवकर आले. मूळ पत्र आपण वाचले नव्हते, एका जुन्या आढावा-लेखातून तो संदर्भ घेतला होता, असे त्यांनी सरळ कळवले. वाक्य त्यांनी नव्याने लिहिले : व्यसनाधीनता विरळ आहे या समजाला दीर्घकाळ एका छोट्या पत्राचा आधार घेतला गेला, परंतु ते पत्र दीर्घकालीन वापराविषयी काहीच सांगत नाही, अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णाला मॉर्फिन द्यावे ते त्याच्या वेदनेमुळे, या पत्रामुळे नव्हे. त्यांचा मुद्दा माझ्या मते त्यामुळे दुबळा झाला नाही, उलट बळकट झाला.

नव्या वाक्यात 2017 च्या विश्लेषणाचा संदर्भ आला, आणि व्हँकूव्हर पद्धतीत क्रमांक मजकुरात प्रथम येण्याच्या क्रमाने दिले जात असल्यामुळे त्यापुढचा प्रत्येक संदर्भ एकाने पुढे सरकला. लेखकाने झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचे दुवे काढून साधा मजकूर पाठवलेला असल्याने हे सगळे हातानेच करावे लागले. एका तक्त्यात तर केवळ तिथेच येणारे संदर्भ होते. अशांना तक्त्याचा मजकुरात प्रथम उल्लेख जिथे येतो तिथला क्रमांक मिळतो, म्हणून तो तक्ता, त्याच्या तळटिपा आणि पुढचे परिच्छेद असे तिन्ही समोर ठेवून क्रमांक लावले. सगळे जुळल्यावर पोर्टर आणि जिक यांच्या नोंदीत शीर्षकापुढे चौकटी कंसात ‘लेटर’ घातले, सूचीत एकाच पानाच्या आणखी ज्या नोंदी होत्या त्या उघडून पाहिल्या, त्यांतली एक संपादकीय निघाली तिलाही तसे नमूद केले, आणि संध्याकाळी हस्तलिखित टाइपसेटिंगकडे रवाना केले.