वॉट, ओम आणि आमचा हॉल

बेस गिटारवाल्याचं बरं असतं, तो काय वाजवतो ते कुणालाच ऐकू येत नाही, हा आमच्या बँडमधला फार जुना जोक. खरं तर बेस मध्येच थांबला की सगळ्यांच्या माना वळतात, पण ते असो. मला स्वतःला मात्र माझं वाजवणं खरंच नीट ऐकू येत नव्हतं. इतकी वर्षं घरात १५ वॉटचा छोटा प्रॅक्टिस अ‍ॅम्प (गिटारचा आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर) होता, आत ८ इंची स्पीकर, आणि सगळ्यात खालच्या सुराची जाड ई तार छेडली की त्यातून सूर कमी आणि फटफट जास्त यायची.

त्यात त्या बिचाऱ्याचा दोष नाही. ई तारेचा मूळ सूर ४१ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ४१ कंपनं, तेवढी हवा हलवायची त्या स्पीकरची ताकदच नव्हती. तो वरचे ८२, १२३ असे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट-तिप्पट कंपनांचे सोबतचे सूर, तेवढे ऐकवायचा आणि त्यावरून खालचा सूर आपला मेंदू स्वतःच भरून काढतो. मोबाईलवर आरडी बर्मनची गाणी ऐकताना हेच चालू असतं, त्यांचे बेसवादक टोनी वाझ यांचा बेस आपण अर्धा कानाने ऐकतो आणि अर्धा उधारीवर.

तर आता नवीन हेड (नुसता अ‍ॅम्प) आणि कॅब (स्पीकरची वेगळी पेटी) घेतलाय. हेड ५०० वॉटचं, क्लास डी या हलक्या, कमी तापणाऱ्या जातीचं, आणि आकाराने दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याएवढं, वजन त्याहून कमीच असेल! अँपेग कंपनीचा एसव्हीटी हा बेस अ‍ॅम्प १९६९ साली आला तेव्हा ३०० वॉटसाठी आत १४ व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्या) लागले होते, एकट्या हेडचं वजन ३५ किलोच्या वर, आणि त्याच्याबरोबरचा १०-१० इंची आठ स्पीकरवाला कॅब त्याहून जड. त्या कॅबला अजून लोक फ्रीज म्हणतात. रोलिंग स्टोन्सनी त्याच वर्षी अमेरिकेच्या टूरवर हे धूड वापरलं, अर्थात उचलायला त्यांच्याकडे माणसं होती. माझ्याकडे मी आणि वॉचमनकाका. म्हणून दोनच १० इंची स्पीकरचा कॅब घेतला, मॅग्नेट निओडायमियमचे त्यामुळे हलका, एका हाताने जिना चढता येतो (दुसऱ्या हातात गिटार, म्हणजे हेड कुणीतरी आणायचं, ते काका आणतात).

५०० वॉट ऐकून आई म्हणाली, पोलीस येतील. तिला म्हटलं ते ५०० फक्त कागदावर. हेड पूर्ण ताकद देतं ४ ओमला (ओम म्हणजे कॅबचा विजेला होणारा अडथळा) आणि माझा कॅब ८ ओमचा, म्हणजे तीनशेच्या आसपासच मिळणार, उरलेलं हवं तर असाच दुसरा कॅब जोडायचा, मग दोन्ही मिळून ४ ओम. वर कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात, म्हणजे १५ वरून ३०० ही उडी नुसत्या वॉटच्या हिशोबाने अडीच पटीच्या आसपास. हे सगळं सांगून झाल्यावर आई म्हणाली, मग पैसे कशाचे दिले? प्रश्न वाजवी आहे.

उत्तर पहिल्याच सुराला मिळालं, पण मला वाटलं होतं तसं नाही. वाटलं होतं जमीन हादरेल, छातीत धक्का बसेल. आधी ऐकू आली ती माझी बोटं. तार सोडताना नखाचं घासणं, फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्टीवर, तार आपटल्याचा टणत्कार, आणि एक सूर संपून दुसरा लागायच्या मधली ती फट जी मला कायम वाटायचं की नाहीच आहे. कॅबच्या मागे ट्वीटरचा, म्हणजे वरचे बारीक आवाज काढणाऱ्या छोट्या स्पीकरचा, एक नॉब आहे तो निम्म्यावर आणला तेव्हा कुठे जरा लाज झाकली. जुन्या अ‍ॅम्पने फार सांभाळून घेतलं म्हणायचं.

मग खालच्या तारेवर एकेक सूर हळूहळू वाजवत गेलो आणि एफ शार्पला (एफ आणि जी यांच्या मधला सूर) आलो तर स्वयंपाकघरातल्या मांडणीवरच्या ताटल्या बोलायला लागल्या. आधी वाटलं कॅबचा एखादा स्क्रू ढिला असेल. पण एफला गप्प, जी ला गप्प, एफ शार्पला पुन्हा खणखण. मग डोक्यात ट्यूब पेटली. आमचा हॉल १२ फूट लांब, एवढ्या लांबीत जी लाट समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये अर्धी बरोबर बसते ती ४७ हर्ट्झची, आणि खालचा एफ शार्प ४६ चा! म्हणजे त्या सुराला नुसता कॅब वाजत नाही, अख्खा हॉल वाजतो.

आणि खरी गंमत पुढे आहे. लांब केबल लावून तोच सूर धरत भिंतीकडून चालत आलो तर बरोबर मधोमध, पंख्याच्या खाली, बेस जवळजवळ गायब. दोन पावलं पुढे की परत आला. मधोमध त्या लाटेचा दाब शून्याजवळ असतो हे वाचून माहीत होतं, पण स्वतःच्या घरात पायाखाली सापडणं वेगळं. आई सोफ्यावर भिंतीला टेकून, तिला सगळ्यात जास्त त्रास, आणि मी पंख्याखाली उभा राहून म्हणतोय की कुठे काय एवढा आवाज आहे.

कॅब कोपऱ्यातून ओढून बाहेर घेतला, खाली जाड फोम टाकला, हेडवरचा लो चा, म्हणजे खालच्या सुरांचा, नॉब थोडा मागे. बराच फरक पडला. तरी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात विचारलंच, डॉल्बी आणलास का रे? गणपतीला अजून वेळ आहे ना! त्यांना वरचे सूर काहीच ऐकू येत नाहीत, भिंतीतून स्लॅबमधून फक्त खालचे उतरतात, म्हणजे माझ्या वाजवण्यातला हाच भाग त्या बिल्डिंगमध्ये सगळ्यात जास्त ऐकतात. ताल चुकतो का विचारायला हवं होतं.

खरा निकाल बँडबरोबर लागेल. घरात मास्टर नॉब, म्हणजे एकूण आवाजाचा, अजून घड्याळातल्या नऊच्या जागेपुढे गेलेला नाही, आणि एकट्याने वाजवताना जो टोन मस्त गुबगुबीत वाटतो तो ड्रम्स आणि दोन गिटारी सुरू झाल्या की कुठल्या कुठे जातो, तिथे मिड, म्हणजे मधल्या पट्टीचा आवाज, वाढवावाच लागतो, मग तो एकट्याने ऐकायला कितीही नाकातला वाटो. ड्रमर म्हणतोय शनिवारी घेऊन ये. त्याची प्रॅक्टिसची खोली चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद, म्हणून त्याला सांगितलंय की हेड न्यायला तू खाली ये.