'मार्गदर्शन करा' न म्हणता आलेला मुलगा

मालमत्ता घेऊन भाड्याने देणं हा माझा व्यवसाय. त्यामुळे 'मॅडम, मार्गदर्शन कराल का?' असे मेसेज सतत येतात. बहुतेकांना उत्तर देता येत नाही आणि त्याचं मला वाईट वाटतं. 'सुरुवात कशी करू?' याचं उत्तर हाताशी पैसे किती, कर्ज किती झेपेल, किती वर्षं थांबायची तयारी आहे यावर ठरतं. मेसेजमध्ये त्यातलं काहीच नसतं.

त्या दिवशी एका तरुणाचा चार ओळींचा मेल आला. 'एका छोट्या इमारतीचा हिशोब मांडलाय. भाडेकरू बदलताना घर रिकामं राहतं, तो काळ तुम्ही कसा धरता? वीस मिनिटं मिळाली तर भेटायला येईन, नाहीतर एका ओळीचं उत्तरही पुरेल.' मी त्याला दुपारीच बोलावून घेतलं.

त्याने किंमत 100 धरून सगळं त्या प्रमाणात मांडलं होतं. वर्षाचं भाडं 9. कर आणि विमा मिळून 1. उरले 8. किमतीच्या 70 टक्के कर्ज, 9 टक्के व्याज, 20 वर्षं मुदत. हप्त्यांपोटी वर्षाला साधारण 7.6. म्हणजे हातात 0.4. 'रिकामा काळ' या ओळीपुढची जागा कोरी होती आणि तिथे पेन्सिलीने काढलेलं प्रश्नचिन्ह. ते मला फार आवडलं. माहीत नसलेला आकडा अंदाजाने भरून मोकळं व्हायचा मोह त्याने टाळला होता.

आम्ही त्याच कागदावर पुढे मांडत गेलो. वर्षातला एक महिना रिकामा: 0.75. दुरुस्तीला भाड्याच्या 10 टक्के: 0.9, ही ओळ त्याच्याकडे नव्हतीच. निव्वळ उत्पन्न आलं 6.35. म्हणजे दरवर्षी किमतीच्या सव्वा टक्का रक्कम खिशातून घालायची. कर्ज देणारे अनेकदा हे उत्पन्न हप्त्यांच्या 1.25 पट असावं अशी अट घालतात. त्या मापाने कर्ज 70 नाही, 47 च्या आसपासच बसत होतं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'म्हणजे किंमत पाडून मागायची, की स्वतःचे पैसे जास्त घालायचे?'

पहिल्याच भेटीत हा प्रश्न! वीस मिनिटं झाली म्हणून तो उठायला लागला, तेव्हा मीच त्याला बसवून घेतलं.

त्याने आणखी एक कागद आणला होता. त्या भागातली जाहिरातीतली भाडी आणि लोक प्रत्यक्ष देतात ती भाडी, दारोदार विचारून शेजारी शेजारी लिहिलेली. माझं एक घर तिथेच रिकामं होतं, मला ती यादी लगेच उपयोगी पडली. अनुभवी माणसाला आपण काय देणार, असा संकोच नवख्यांना वाटतो. पण व्याप वाढला की आमचं पायी फिरणं कमी होतं, आणि नेमकं तेच त्यांना जमण्यासारखं असतं.

जाताना त्याने विचारलं, एक जण मोठी फी घेऊन शिकवायला तयार आहे, जाऊ का? मी म्हटलं, फी घेण्यात गैर नाही. पण त्यांच्या एखाद्या मालमत्तेचा गेल्या वर्षाचा जमाखर्च बघायला मागा, भाडेकरूंची नावं झाकून का होईना. दाखवायला टाळाटाळ केली तर जाऊ नका. आणि शिकवणाराच तुम्हाला मालमत्ता विकत असेल, तर त्याला कमिशन कोण देतं ते आधी विचारा.

काही दिवसांनी त्याने कळवलं: विक्रेत्याकडे वर्षभराच्या भाडेपावत्या आणि करार मागितले, दोन घरांचं भाडं सांगितल्यापेक्षा कमी निघालं, व्यवहार सोडला. सल्ला घेणारे पुष्कळ असतात, पुढे काय झालं ते सांगणारे फार थोडे. मालकी हक्क आणि बोजा, म्हणजे मालमत्तेवर आधीचं कर्ज वा दावा आहे का, ते तपासणाऱ्या माझ्या वकिलांशी मी त्याची ओळख करून दिली. आता दुसऱ्या इमारतीचा हिशोब आलाय. दुरुस्तीची ओळ आहे. छत आणि लिफ्टसारख्या मोठ्या खर्चाची अजून नाही. उद्या त्यावर बसणार आहोत.