दोन गठ्ठे

अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या अभिलेखागारात मी देणगी म्हणून येणाऱ्या कागदपत्रांची नोंद करते. एके दिवशी साठीतले एक गृहस्थ आपल्या दिवंगत मामांचा खोका घेऊन आले. मामा शाळेत शिक्षक होते, लग्न केलं नव्हतं. भाच्याने घरूनच दोन गठ्ठे बांधून आणले होते. एकात ‘वन’ या समलैंगिकांच्या मासिकाचे अंक होते: लेख, कथा, वाचकांची पत्रं. दुसऱ्यात ‘फिजिक पिक्टोरिअल’ आणि ‘ग्रीशियन गिल्ड पिक्टोरिअल’चे चिमुकले अंक. पिना गंजलेल्या, आणि पानोपानी लंगोटीतले पिळदार तरुण.

“पहिला इतिहास आहे, तो ठेवा. दुसरा मी रद्दीत टाकतो. मामांची बदनामी नको.”

त्यांची कळकळ खरी होती. पण गठ्ठा परत बांधून देणं मला शक्यच नव्हतं.

‘वन’ जानेवारी १९५३ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झालं. ऑक्टोबर १९५४चा अंक तिथल्या पोस्टमास्तरांनी अश्लील ठरवून अडवला. तरुण वकील एरिक ज्युल्बर एक पैसाही न घेता लढले, खालच्या दोन्ही न्यायालयांत हरले. १३ जानेवारी १९५८ला सर्वोच्च न्यायालयाने तोंडी युक्तिवादही न ऐकता, मोजक्या शब्दांत तो निकाल फिरवला. हे भाच्याने वाचलेलं होतं.

दुसऱ्या गठ्ठ्याचीही अशीच लढाई झाली होती, ती मात्र त्यांना ठाऊक नव्हती. मार्च १९६०मध्ये व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रिया इथे टपाल खात्याने तीन मासिकांच्या ४०५ प्रती रोखल्या. त्यांत ‘ग्रीशियन गिल्ड पिक्टोरिअल’ होतं. प्रकाशक लिन वोमॅक हे एके काळचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. ते थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि जून १९६२मध्ये जिंकले. न्यायमूर्ती हार्लन यांना ही मासिकं अजिबात आवडली नव्हती. तरी समाज स्त्रियांची जी नग्न चित्रं चालवून घेतो, त्यांहून ही अधिक आक्षेपार्ह म्हणता येत नाहीत, असं त्यांनी लिहिलं.

मग मी ‘फिजिक पिक्टोरिअल’चा एक अंक उघडून त्यांच्यापुढे सरकवला. बॉब मायझर यांनी १९५१मध्ये सुरू केलेलं हे मासिक. ग्रीक पुतळ्यांचा, व्यायामाचा, चित्रकारांच्या अभ्यासाचा आडोसा घेऊन ते समलैंगिक पुरुषांना विकलं जाई. पण फोटोंच्या आसपासचा बारीक टाइपातला मजकूर वाचायला हवा. मायझर तिथे सेन्सॉरशिपवर, पोलिसांच्या जाचावर सडकून लिहीत. भाच्याने चष्मा कपाळावर चढवला, पान डोळ्यांजवळ धरलं आणि बराच वेळ वाचत राहिले. ‘वन’ची गंभीर पानं आणि ही उघडी शरीरं एकाच माणसाच्या कपाटात होती. वेगळी आपण करतो, आणि तसं करताना त्या माणसाची इच्छा तेवढी वगळतो. मला ते अन्यायाचं वाटतं.

अंक तारखेने लावताना एक गोष्ट दिसली. १९६०च्या उन्हाळ्यापर्यंत सलग अंक, मग थेट १९६३. मी त्यांना न्यूटन आर्विन यांच्याबद्दल सांगितलं. स्मिथ कॉलेजचे हे नामवंत प्राध्यापक, कादंबरीकार मेल्व्हिलच्या चरित्रासाठी नॅशनल बुक अवॉर्ड मिळवलेले. २ सप्टेंबर १९६० रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या त्यांच्या घरावर छापा पडला, तो अशाच मासिकांसाठी. त्यांना निवृत्त व्हावं लागलं. दोन तरुण सहकाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. या दोघांना झालेली शिक्षा १९६३मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, तरी नोकऱ्या परत मिळाल्या नाहीत.

“मामा तेव्हा त्याच राज्यात शिकवत होते,” भाचे म्हणाले. अंकांत पडलेल्या या खंडाचं कारण हेच, असं मी नोंदीत लिहिणार नव्हते, पुरावा नाही. पण एका शिक्षकाच्या घरात अशा बातमीने काय झालं असेल, हे आम्हा दोघांनाही वेगळं सांगावं लागलं नाही.

दोन्ही गठ्ठे त्यांनी दिले. एकच अट घातली: मामांचं नाव सूचीत येऊ नये. ती मी आनंदाने मान्य केली. पत्त्याच्या चिकट्या असलेली वेष्टनं वेगळ्या, बंद फोल्डरमध्ये ठेवली. बाकी सगळे अंक, गंजक्या पिना काढून, आम्लमुक्त कागदात, तारखेच्या क्रमाने एकाच मालिकेत लावले. ‘वन’ आणि ‘फिजिक पिक्टोरिअल’ शेजारी शेजारी. १९६० ते १९६३मधला खंड सूचीत स्पष्ट नोंदवला आहे.