मागच्या दारचं कोठार

गोव्यात जुनं घर बघायला नेतात ना, तेव्हा सगळं ठरलेलं असतं. आमच्या फोंड्याकडे राजांगण म्हणजे घराच्या मधलं अंगण आणि देवघर, चांदोरला मिनेझिस ब्रागांझांच्या घरी नाचाचा हॉल नि झुंबरं, लोक फोटो काढतात आणि गाडीत बसतात. मागच्या बाजूला कोणी जातच नाही. मला विचाराल तर भाटकाराचं, म्हणजे जमीनदाराचं, खरं घर तिथेच सुरू होतं, गोठा, लाकडांची खोप, नारळाचा माळा, आणि काजूचं भाट म्हणजे बाग असेल तर वर डोंगरात काजूची बोंडं तुडवायची जागा, तिला कोळंबी म्हणतात, नि दारूची भट्टी.

त्यात माझा जीव अडकतो तो भाताच्या कोठारात. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, जाड भिंती, पुढच्या घराला चुना लागलेला असतो पण इथे चिरा उघडाच, कारण पाहुणा इकडे येणार थोडाच? आत पायाखाली लाकडी फळ्यांची तक्तपोशी, जमिनीपासून उचललेली, खालून वारा खेळला पाहिजे, नाहीतर आमच्या पावसात भाताला कोंब फुटायला कितीसा वेळ लागतो. खिडकी म्हणाल तर वर एक फट, बस्स.

आणि हे कोठार भरायचं कसं, तर कुळं खंडाचं, म्हणजे जमीन कसण्याच्या मोबदल्यात द्यायचं, भात आणून ओतायची म्हणून. १९६४ चा कूळ कायदा आला, मग १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणाराच मालक झाला, खंड येणं थांबलं आणि कोठार रिकामं. चांगलंच झालं, ज्यांच्या पाठीवरून ते भात आलं त्यांची नातवंडं आज स्वतःची शेती विकायची की ठेवायची यावर भांडतात, तो त्यांचा हक्कच आहे. पण कोठार पडायची सुरुवात तिथून झाली, पावसाने नाही.

पाऊस नंतर आला. रिकाम्या खोलीची शाकारणी कोण करणार हो? छपराचा एक नळा (कौल) सरकतो, वासा कुजतो, मग चिऱ्यांमधली माती धुपते. चिरा तसाच राहतो, तो हवेत उलट घट्टच होतो, पण त्याला धरून ठेवणारी माती गेली की अख्खी भिंत एका रात्रीत खाली.

बाणावलीला व्हिक्टर ह्युगो गोम्सनी 'गोवा चित्र' म्युझियममध्ये नांगर, मापं, घाणे असं कायकाय जमवून ठेवलंय, पडक्या घरांची दारं-खिडक्यासुद्धा वापरलीत. बघाच एकदा. पण नांगर उचलून नेता येतो, कोठार कसं नेणार?

हल्ली काही जण गोठ्याला एसी लावून 'हेरिटेज स्टे' म्हणून भाड्याने देतात. घरची म्हातारी माणसं नाक मुरडतात, की गुरांच्या जागेत पैसे देऊन झोपतात हे लोक! झोपू देत की, त्या निमित्ताने दरवर्षी मे महिन्यात कोणीतरी शिडी लावून छपरावर चढतं तरी.