घराखालचा बंब

स्वयंपाकघरात सिंकपासून दोन पावलांवर जमिनीचा एक तुकडा कोमट असतो, हे आधी आईला कळलं. जानेवारी २०२३. ती सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली होती आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या आमच्या घरात दोन-दोन मोजे घालूनही तिच्या पायांना गारच लागायचं. एके दिवशी सकाळी जपमाळ घेऊन ती नेमकी त्या जागी सतरंजी टाकून बसली. "इथं बरं वाटतं रे. खालून ऊब येते." मला वाटलं, खालून गरम हवेचा डक्ट गेला असेल. आठ दिवसांनी पाण्याचं बिल आलं, ते नेहमीच्या दुपटीहून जास्त.

आमच्या रॅली (Raleigh) शहराच्या आसपासच्या जुन्या घरांना बहुतेक वेळा तळघर नसतं. चारी बाजूंनी विटांची बुटकी भिंत, मध्ये खांब, त्यांवर लाकडी तुळया आणि वर घर. खालची जी पोकळी उरते ती क्रॉल स्पेस, म्हणजे जिथे रांगतच जावं लागतं. आमचं घर उतारावर असल्याने ही पोकळी पुढच्या बाजूला जेमतेम अडीच फूट आणि मागे पावणेपाच फूट उंच. नळ, वायरी, डक्ट, घर गरम करणारी गॅसची फर्नेस आणि गॅसचाच वॉटर हीटर, सगळा संसार तिथे. घर घेऊन सहा वर्षं झाली होती, मी एकदाही आत गेलो नव्हतो. ज्या यंत्रांवर आपण रोज अंघोळ करतो ती कुठे आणि कशा अवस्थेत आहेत हे न पाहता मी दर हिवाळ्यात निवांत होतो.

त्या दिवशी मात्र जुनी पॅन्ट चढवून, कपाळाला टॉर्च बांधून शिरलो. लांब तंगड्यांचे, पाठीत वाकलेले किडे अंगावर उड्या मारत होते. हीटरच्या डोक्यावरचा गरम पाण्याचा पाइप सुईएवढ्या भोकातून थेट स्वयंपाकघराच्या जमिनीच्या पोटावर फवारा मारत होता. फायबरग्लासचं इन्सुलेशन भिजून गाद्यांसारखं लोंबत होतं. टाकीचा बुडखा गंजून पापुद्रे सुटले होते. शेजारी आडवी पडलेली फर्नेस १९९१ची, घराइतकीच जुनी, आणि एवढी वाफ खाऊन तिलाही गंज चढलेला. आईला बाहेर येऊन सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे घराखाली बंब ठेवलाय होय? आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही?" तिच्या माहेरी तांब्याचा बंब होता; रोज पहाटे त्यात ढलप्या घालणारं माणूस होतं. मला उत्तर सुचलं नाही.

पुढचे अकरा दिवस पातेल्यात पाणी तापवून, बादलीत विसण घालून अंघोळी. मुलांना गंमत, आईला सवय, हाल आम्हा दोघांचे.

पहिल्या कंपनीचा माणूस स्वयंपाकघरात बसून टॅबलेटवर कोटेशन करून गेला. त्याचे बूट इतके स्वच्छ होते की तो खाली उतरला नसणार हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. दुसऱ्या कंपनीचा तंत्रज्ञ चाळीस मिनिटं आत होता. बाहेर आला तो मातीने लाल झालेला, आणि त्याने सर्वात आधी काय केलं, तर क्रॉल स्पेसच्या दाराला मोजायचा टेप लावला. बावीस इंच रुंद. "यातून काय जाईल ते आधी ठरवू, मग काय घ्यायचं ते."

आमचा खरा घोळ इथेच होता. मी दोन यंत्रं बदलायला निघालो होतो. प्रत्यक्षात एकेक गोष्ट दुसरीला धरून होती. फर्नेस आणि हीटर दोन्ही एकाच चिमणीत धूर सोडायचे. नवी कंडेन्सिंग फर्नेस धुरातली उष्णता इतकी ओढून घेते की धूर प्लास्टिकच्या पीव्हीसी पाइपातून भिंतीबाहेर सोडता येतो. तिला चिमणी लागत नाही. मग चिमणीत राहिला एकटा हीटर. दोघांच्या मापाच्या चिमणीत त्याचा थोडासा धूर थंड पडतो, वर चढत नाही, आतल्या आत ओल धरतो आणि वाईट म्हणजे कार्बन मोनॉक्साइड घराखाली परत उतरू शकतो. इथले लोक अशा हीटरला 'ऑर्फन', पोरका, म्हणतात. पहिल्या कंपनीच्या कोटेशनमध्ये हा पोरका तसाच ठेवलेला होता.

म्हणून हीटर विजेचा करायचा ठरला. मन हीट पंपवाल्यावर होतं. तो भोवतालच्या हवेतली उष्णता घेतो आणि जाता जाता दमटपणाही काढतो, म्हणजे क्रॉल स्पेसला औषधच. शिवाय त्या वर्षी केंद्राची दोन हजार डॉलरपर्यंतची करसवलत नुकतीच लागू झाली होती. पण पन्नास गॅलनचा असा हीटर साधारण पाच फूट उंच, वर नळ जोडायला जागा हवी ती वेगळीच. आमच्याकडे पावणेपाच फूट. आडवा ठेवता येत नाही. बायको म्हणाली, "माती खणू या का?" तंत्रज्ञ फक्त हसला, खांबांच्या पायाजवळ खणणं म्हणजे कुठल्या खर्चाला आमंत्रण हे त्या हसण्यातच आलं.

उरला लोबॉय, म्हणजे बुटका, गोल गरगरीत हीटर. उंची बत्तीस इंच, पण घेर असा की व्यास सव्वीस. २०१५च्या एप्रिलपासून कार्यक्षमतेचे नियम कडक झाले तेव्हापासून टाक्यांचं इन्सुलेशन जाड झालं आणि त्या आणखी फुगल्या. बावीस इंची दारातून हा लंबोदर जाणार कसा? दार फोडावं लागलं. गवंडी आला, विटा कापल्या, वर लोखंडी अँगल बसवला, बत्तीस इंचांची चौकट केली. साडेसातशे डॉलर. नियमही तेच सांगतो: आतलं सर्वात मोठं यंत्र बाहेर काढता येईल एवढं दार हवं, तिथवरची वाट निदान बावीस इंच रुंद आणि तीस इंच उंच हवी, आणि यंत्रासमोर दुरुस्तीवाल्याला बसायला तीस बाय तीस इंचांची सपाट जागा हवी. कागदावर हे नखरे वाटतात. आत पोटावर पडून पाना फिरवून बघा.

जुनी टाकी काढताना तळाशी साचलेल्या गाळाने तोटी तुंबली होती; ती रिकामी व्हायलाच सकाळ गेली. नवी टाकी प्लायवुडच्या पट्ट्या अंथरून, दोरीने ओढत, इंचाइंचाने आत नेली. खाली काँक्रीटचा चौथरा, भोवतीच्या मातीपेक्षा तीन इंच वर. भरल्यावर नुसतं पाणीच एकशेनव्वद किलो, तेव्हा माती नीट ठोकून घेतलेली. टाकीखाली परात, परातीचा पाइप उताराने भिंतीबाहेर. फर्नेस मात्र पट्ट्यांनी तुळयांना टांगली. तिच्यातून आम्लधर्मी पाणी ठिबकतं, ते चुनखडीचे खडे भरलेल्या नळकांड्यातून सोडलं.

शिवाय एक छोटी एक्स्पान्शन टाकी. मला ती विक्रेत्याची हाव वाटली, म्हणून हुज्जत घातली. पण आमच्या मीटरपाशी पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह आहे. पन्नास गॅलन पाणी तापलं की दोनेक लिटरने फुगतं, आणि त्या फुगलेल्या पाण्याला जायला वाटच नसते. मग दाब वाढतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह, जो १५० पीएसआय (दर चौरस इंचाला १५० पौंड) दाबाला किंवा २१० अंश फॅरनहाइटला उघडण्यासाठी असतो, तो रोजच ठिबकायला लागतो. नव्वद डॉलर गपगुमान दिले.

इंधन बदललं म्हणून परमिट लागलं: प्लंबिंग, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल. हीटरसाठी २४० व्होल्टची तीस अँपियरची नवी लाइन ओढली. इन्स्पेक्टर वयस्कर गृहस्थ, गुडघ्यांना पॅड बांधूनच गाडीतून उतरला. त्याने दार उघडलं, भिंतीवर हात फिरवला आणि विचारलं, "दिवा कुठाय?" दिवा होता. त्याचं बटण फर्नेसच्या शेजारी होतं. म्हणजे दिवा लावायला आधी अंधारात वीस फूट रांगत जायचं. तो आत शिरलाच नाही. लाल कागद दाराला चिकटवला आणि गेला. इतकं सगळं करून आम्ही एका बटणावर नापास.

इलेक्ट्रिशियन दुसऱ्या दिवशी येऊन बटण दाराशी लावून गेला, पण इन्स्पेक्टरची पुढची तारीख चार दिवसांनी मिळाली. तोवर पातेली, बादली, विसण. दुसऱ्या खेपेला तो अर्धा तास आत होता आणि बाहेर येऊन एवढंच म्हणाला, ओढताना जमिनीवरचं प्लास्टिक फाटलंय, ते नीट करून घ्या. जमिनीची ओल वर येऊ नये म्हणून अंथरलेलं ते सहा मिलचं प्लास्टिक (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). ते काम मी स्वतः केलं. एव्हाना किडे ओळखीचे झाले होते.

परातीत आता पाणी लागताच केकाटणारा सेन्सर ठेवलाय. गेल्या महिन्यात रात्री दोनला तो ओरडला. मी थंडीत, पायजम्यावर, टॉर्च न घेता धावलो. दाराशीच बटण दाबलं, रांगत गेलो. परात कोरडी ठणठणीत. बॅटरी संपत आली होती. सकाळी आईला फोनवर सांगितलं तर तिने पाण्याचं काही विचारलंच नाही. म्हणाली, "मग ती ऊब बंद झाली का रे?"