चष्मेवाला की लांब फेकणारा

शनिवार, रात्री साडेदहा

उद्या सकाळी नऊला सामना, आणि क्वार्टरबॅक, म्हणजे चाल चालवून चेंडू फेकणारा, कोण हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. दहा-अकरा वर्षांच्या पोरांचा फ्लॅग फुटबॉल, अमेरिकन फुटबॉलचा सौम्य प्रकार. अंगावर आदळायचं नाही, कमरेची पट्टी ओढायची. हरलो तर कुणाचंच काही बिघडत नाही. तरी डोळा लागत नाहीये.

एका पोराच्या हातात देवाने तोफ दिली आहे. त्याने फेकला की कडेला उभे आईबाप बोलायचे थांबतात. पण ठरलेली चाल कोणती होती, हे त्याला चेंडू हातात आला की आठवत नाही. दुसरा चष्मेवाला. दहा यार्डांपलीकडे त्याचा चेंडू मरतो. पण पहिला गडी अडकला तर तो दुसऱ्याकडे बघतो, मग तिसऱ्याकडे, आणि कुणीच मोकळं नसेल तर गुपचूप जवळच्याच्या हातात चेंडू ठेवतो. सांगलीला आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, आलटून पालटून खेळव की. तिला कसं समजावू, की हात बदलला की पकडणाऱ्यांची लय बिघडते.

कॅन्सस सिटीजवळ राहणाऱ्याला अशा वेळी व्यावसायिक लीगमधला (एनएफएल) क्वार्टरबॅक अ‍ॅलेक्स स्मिथ आठवणारच. 2012 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत डोक्याला मार लागून तो बाहेर बसला आणि त्याची जागा कॅपर्निकने घेतली, ती परत मिळालीच नाही. मग तो इथे, कॅन्सस सिटीच्या चीफ्स संघाकडे आला. चेंडू सहसा गमवायचा नाही. लोक त्याला ‘गेम मॅनेजर’, म्हणजे धोका न पत्करता सामना नुसता सांभाळणारा, म्हणायचे, आणि ते कौतुक नसायचं. 2017 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडायच्या फेऱ्यांत, चीफ्सने पहिल्या फेरीचे निवडीचे दोन हक्क आणि वर तिसऱ्या फेरीचा एक मोजून दहाव्या क्रमांकावर मॅहोम्स या तरुण क्वार्टरबॅकला उचललं, तेव्हा स्मिथला काय ते कळलं असणार. त्याच मोसमात तो आयुष्यातलं सर्वोत्तम खेळला. 26 टचडाऊन (गुण मिळवून देणारे पास), फक्त 5 इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेलेले पास), पासर रेटिंगमध्ये, म्हणजे फेकीच्या गुणांकनात, लीगमध्ये पहिला. गंमत म्हणजे त्या वर्षी तो लांबही फेकत होता.

जानेवारी 2018 चा टायटन्सविरुद्धचा प्लेऑफ (बाद फेरीचा सामना) मी घरी बघितला. मध्यंतराला 21-3 आघाडी, शेवटी 21-22. त्यांचा क्वार्टरबॅक मॅरिओटाने तर स्वतःचाच परतलेला पास पकडून टचडाऊन केला. असल्या दिवशी कुणी काय करणार? महिन्याच्या आत स्मिथला वॉशिंग्टनला देऊन टाकल्याची बातमी आली. मी चिडलो होतो. ऑफिसात तावातावाने बोललो, की भरवशाच्या माणसाला इथे किंमत नाही. (माझी स्वतःची बारा वर्षं ‘डिपेंडेबल’ याच एका शेऱ्यावर गेली आहेत, त्यामुळे राग सगळा स्मिथसाठीच होता असं नाही.)

पुढच्याच मोसमात मॅहोम्सने 50 टचडाऊन फेकले आणि एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वोत्तम खेळाडू, झाला. माझं तोंड बंद.

पण एक गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानात आली नव्हती. पहिलं वर्षभर मॅहोम्सला बाकावर बसवता आलं, पूर्ण मोसमात तो एकच सामना पहिल्यापासून खेळला, कारण पुढे स्मिथ होता. तो सामने जिंकत होता आणि आपल्याच जागेवर येणाऱ्या पोराला आठवड्याची तयारी कशी करायची ते दाखवत होता. मॅहोम्सने हे स्वतः अनेकदा सांगितलंय. तोफ वाया जाऊ नये म्हणून कुणीतरी तोवर किल्ला सांभाळावा लागतो.

हे सगळं दहा वर्षांच्या पोरांना लावणं म्हणजे वेडेपणा, कळतंय मला. बायको आत्ताच म्हणाली, “अहो, झोपा आता. सुपर बोल नाहीये उद्या.”

लांब फेकणाऱ्याला पहिला हाफ माझ्या शेजारी उभा करीन. प्रत्येक चालीआधी विचारीन, कोण मोकळा राहील सांग. तो नक्की फुरंगटणार. त्याचे बाबाही.

चष्मेवाल्याच्या आईला मेसेज टाकला: चष्म्याची मागची दोरी उद्या विसरू नका.